रथसप्तमीची काच

आदितमाळावर सूर्य उगवला की अनुराधाबाई धायगुडे दोन कामं करत. आधी तांब्याभर पाण्याचं अर्घ्य देत, आणि मग ओले हात पदराला पुसत जुन्या दुर्बिणीच्या खोलीत जाऊन सूर्याचं चित्र काढत. पहिलं काम आईने लावून दिलेलं, दुसरं वेधशाळेने. यातलं व्रत कुठलं आणि नोकरी कुठली, हे त्यांनी कधी निवडून पाहिलं नव्हतं. घेतला वसा टाकू नये, एवढं मात्र पाळत आल्या होत्या.

माणदेशातला तो उंच, बोडका माळ. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो आणि चहालाही थांबत नाही. म्हणूनच संस्थानच्या काळात राजेसाहेबांनी सूर्य पाहण्यासाठी ती जागा निवडली आणि वेधशाळेला नेम घालून दिला, रोज एक सूर्य. दुर्बिणीने बिंब धरायचं, काचेवर त्याचा फोटो घ्यायचा, काच वाळवून पेटीत ठेवायची. पिढ्या सरल्या, नेम चालू राहिला. अनुराधाबाई माळाखालच्याच गावच्या. शिकून, परदेशी राहून, ताऱ्यांवर प्रबंध लिहून त्या इथे खगोलशास्त्रज्ञ म्हणून परत आल्या तेव्हा गावाने वेशीवर ओवाळलं होतं. पुढे उपग्रहांनी आकाश इतकं भरलं की ताऱ्यांच्या प्रत्येक फोटोवर ओरखडे उमटू लागले. मोठी दुर्बीण बंद झाली, घुमटाला कुलूप लागलं आणि बाईंच्या हाती दुसऱ्याच किल्ल्या आल्या, काचांच्या भांडाराच्या. लोक हळहळले. आकाशातून उतरवून कपाटं राखायला बसवलं, म्हणाले. बाईंना तसं वाटलं नाही. कपाटातही आकाशच होतं, होऊन गेलेलं.

वेधशाळेची एक रीत होती. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवायचं आणि त्या दिवशीची काच पाटावर मांडायची. काचेच्या मध्यावर मेणाचा कण लावून, त्यावर चांदीच्या काडीने कुंकवाचा ठिपका द्यायचा. पहिल्या संचालकांच्या घरातून हे सुरू झालं, असं जुनी माणसं सांगत. नवी गाडी आली, शाळेचं नवं पुस्तक आलं, की आपण करतोच तसं. मग ती काच बाकीच्यांबरोबर पेटीत जायची. पुढे जगाने काचा वापरणं सोडलं, फोटो थेट संगणकात जाऊ लागले, तरी त्या एका दिवसापुरती शिल्लक साठ्यातली एक काच निघायचीच. वर्षातून एक काच, कुणाचं काय अडणार? तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक होती. आणि सगळ्यांना ठाऊक होती म्हणूनच कुणी कुणाला ती सांगितली नाही.

मग अरुण आला.

अरुण म्हणजे माणूस नव्हे. पुण्याच्या सौर इशारा केंद्राने एक यंत्रबुद्धी उभी केली आणि तिला सूर्याच्या सारथ्याचं नाव दिलं. काम एकच, सूर्य केव्हा बिघडणार ते सांगायचं.

सूर्यावरचे काळे डाग म्हणजे चुंबकत्वाच्या गाठी. सुंभाला पीळ देत राहिलं की त्याला गाठी पडतात, आणखी पिळलं तर तो तटकन तुटतो. तसं तिथे होतं. तुटण्याचा लखलखाट आपल्याला काही मिनिटांत दिसतो. त्याच्या मागून विद्युतभारित कणांचा एक अवाढव्य ढग निघतो आणि साधारण दिवसभरात पृथ्वीवर येऊन आदळतो. माणसाच्या अंगाला काही कळत नाही. पण पृथ्वीचं चुंबकत्व हेलकावतं आणि कोसच्या कोस ताणलेल्या विजेच्या तारांमधून नको ती वीज वाहू लागते. ती उपकेंद्रांतल्या घराएवढ्या ट्रान्सफॉर्मरांत शिरते आणि आतलं तांबं वितळवते. असा एक ट्रान्सफॉर्मर नव्याने घडवायला वर्ष जातं. सगळ्या राज्याचे एकदम गेले तर काय, हे कुणी मोठ्याने बोलत नसे.

उपाय सोपा होता. ढग यायच्या आत तारा तोडायच्या, तो निघून गेला की जोडायच्या. पण राज्याची वीज काढणं म्हणजे काही घरातला दिवा मालवणं नव्हे. त्याला खात्री हवी. असली वादळं शतकातून एखादं, आणि उपग्रहांची आठवण दोन-तीन पिढ्यांची. ज्याने थोडेच पावसाळे पाहिलेत त्याला महापुराचं काय विचारणार? म्हणून अरुणला लांबची आठवण द्यायचं ठरलं, आणि ती सलग, एकाच दुर्बिणीची, एकट्या आदितमाळाकडे होती.

ट्रकभर यंत्रं आली. फोटोच्या मूळ उलट्या काचा चांदीसाठी केव्हाच विरघळवल्या गेल्या होत्या. उरल्या होत्या त्यांवरून छापलेल्या सुलट काचा, ज्यांत सूर्य पांढरा आणि डाग काळे. बाईंनी एकेक काच बाळंतिणीच्या खोलीतलं मूल बाहेर आणावं तशी आणून दिली. ओलं फडकं लावायचं नाही, वरचा थर सुटेल, एवढं बजावलं. आलेल्या मंडळींनी बुरशी कुठे आहे, तडे कुठे आहेत, ते विचारलं, बाईंनी सांगितलं. कुंकवाचं त्यांनी विचारलं नाही, कारण असं काही असतं हे त्यांच्या गावी नव्हतं. बाईंनी सांगितलं नाही, कारण कुंकू हा त्यांच्या डोळ्यांना डाग कधी वाटलाच नव्हता. यंत्राच्या कॅमेऱ्याला रंग नव्हते. त्याला फक्त काळं आणि पांढरं कळत होतं.

शिवाय त्याच दिवसांत हणमंतरावांच्या छातीच्या तपासणीचा निकाल आला होता.

हणमंतराव म्हणजे बाईंचे यजमान. वेधशाळेच्या कार्यशाळेत ते आरसे घासत. शास्त्रज्ञ बाईने आरसे घासणाऱ्याशी लग्न केलं म्हणून तेव्हा बरीच कुजबुज झाली होती. त्यांनी घासलेल्या आरशात तारा सुईच्या टोकाएवढा दिसायचा. पण त्या कामाची बारीक धूळ जन्मभर श्वासातून आत जात राहिली आणि फुप्फुसं दगडासारखी झाली. आता नाकाला नळी होती आणि कोपऱ्यात हवेतून प्राणवायू गाळणारं यंत्र अहोरात्र घुरघुरत असे. बोलायला दम पुरत नव्हता, पण टोमणा मारायला पुरायचा. बाई भांडारातून आल्या की विचारत, “आज काय म्हणतो तुझा अरुण? माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्यापाशी असतेस.”

अरुण चांगला निघाला. दोनदा त्याने लाल दिवा दाखवला, वीज तासभर काढली गेली, वादळ वरून निघून गेलं. लोकांचा विश्वास बसला. बायका पापड वाळत घालतानासुद्धा म्हणू लागल्या, अरुणने हिरवा दाखवलाय, कसली काळजी.

चैत्र सरत आला होता, तेव्हा सूर्याच्या पूर्व कडेवर तो डाग आला.

बाईंनी तो पहिल्यांदा पांढऱ्या कागदावर पाहिला. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा लावायचा नसतो, त्याचं बिंब मागच्या कागदावर पाडायचं असतं. फोटो संगणकात जात असले तरी त्या अजून रोज पेन्सिलीने बिंब गिरवत. सूर्य स्वतःभोवती फिरतो तसा डाग रोज थोडा मध्याकडे सरकत होता आणि रोज मोठा होत होता. एकटा, गोलसर, काळाभोर. पृथ्वीसारख्या कितीतरी पृथ्व्या त्यात मावल्या असत्या. बाईंना तो बघवत नव्हता. आणि अरुणचा दिवा हिरवाच होता. डाग जितका मध्यावर येत होता, तितका अरुण अधिकच निश्चिंत होत होता.

त्यांनी पराग वैशंपायनला फोन केला. पराग केंद्राचा प्रमुख. एके काळी बाईंच्या हाताखाली काम केलेला, आणि घुमट बंद झाल्यावर भांडाराची जागा त्यांच्यासाठी धडपडून मिळवणारा. त्याने समजूत घातली की असे डाग अरुणने पुष्कळ पाहिलेत, बाईंच्याच काचांवर, आणि त्यानंतर कधी काही झालेलं नाही.

“पुष्कळ?” बाई म्हणाल्या. “असा डाग मी जन्मात पाहिला नाही. मला दाखव.”

त्याने चित्रं पाठवली. दुपारी भांडारात बसून बाईंनी ती उघडली. पडद्यावर सूर्यच सूर्य. प्रत्येकाच्या मध्यावर एक एकटा, गोल, काळा ठिपका. खऱ्या डागाचा काठ फाटका असतो, भोवती करडी झालर असते. यांना झालर नव्हती. बाईंनी तारखा वाचल्या. कुठे जानेवारीची अखेर, कुठे फेब्रुवारीची सुरुवात, कुठे त्याच्याही पुढे. केंद्रातल्या हुशार माणसांना त्यात काही सूत्र दिसलं नव्हतं, दिसणारही नव्हतं. पण ज्या बाईने जन्मभर तिथी पाहून उपास धरले आणि सोडले, तिच्या मनात पंचांग आपोआप उलगडू लागलं. पहिली तारीख, माघ शुद्ध सप्तमी. दुसरी, माघ शुद्ध सप्तमी. तिसऱ्या तारखेला त्यांनी हात पडद्यावरून काढून घेतला.

एका सूर्यावरचा ठिपका मध्यापासून ढळलेला होता, त्याला बारीक शेपूट होतं. लग्नानंतरची पहिली रथसप्तमी. बाई काडी टेकवत असताना हणमंतरावांनी सगळ्यांदेखत त्यांच्या कोपराला हळूच धक्का दिला होता आणि मग साळसूदपणे घुमटाकडे बघत उभे राहिले होते.

बाईंनी कपाट उघडलं, ती काच काढली, खिडकीच्या उजेडात धरली. ठिपका अजून लालभडक होता.

फोनवर सगळं ऐकून परागने बाईंना तारखा पुन्हा एकेक करून वाचायला लावल्या. मग त्याने हिशोब मांडल्यासारखं हळूहळू सांगितलं. खरोखरचे असे डाग शंभर वर्षांत चार-दोन. कुंकवाचे त्यांच्या कितीतरी पट. कुंकवामागून वादळ कुठून येणार? तेव्हा मोठा, एकटा, मध्यावरचा डाग दिसला की काही होत नसतं, हे अरुणने घोकून पाठ केलं. चार-दोन खऱ्यांची आठवण त्या गर्दीत चेंगरून गेली.

“आपण त्याला उलटं शिकवलं, बाई,” तो म्हणाला.

“मी शिकवलं,” बाई म्हणाल्या. “आता काय करायचं ते बोल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, वीज काढायची की नाही ते ठरवणाऱ्या समितीची बैठक पडद्यावर भरली. बाईंनी नऊवारी नीट केली, चष्मा पुसला आणि जे होतं ते सांगितलं. रथसप्तमी, मेण, काडी, सगळं. कुणीतरी हसलं आणि त्याचा आवाज घाईने बंद झाला. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे अडचणी मांडल्या. उन्हाळ्याचा भर, दवाखाने, रेल्वे, पंप. मागच्या लाल दिव्याच्या वेळी तासाभराच्या अंधारात एका लिफ्टमध्ये दोन माणसं गुदमरून गेली होती, त्यांच्या घरी तो स्वतः जाऊन आला होता. मग तो थांबला आणि म्हणाला, “म्हणजे बाई, तुमच्या हळदीकुंकवासाठी आम्ही सगळं राज्य अंधारात ठेवायचं?”

बाईंनी पेन्सिलीने गिरवलेलं त्या सकाळचं बिंब पडद्यासमोर धरलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली. डाग फुटला होता. ढग निघाला होता. सगळे अरुणकडे पाहू लागले, आणि अरुणने सवयीप्रमाणे सांगितलं की ढग येईल, पण तो निरुपद्रवी असेल. दिवा हिरवा राहिला. समितीने ठरवलं की कुंकवाच्या काचा बाजूला काढून अरुणला आठवडाभरात पुन्हा शिकवावं, तोवर चाललंय तसं चालू द्यावं.

नंतर परागचा एकट्याचा फोन आला. बाईंचं खरं आहे असं त्याला वाटत होतं. पण लाल दिव्याची कळ त्याच्या हातात नव्हती.

घरी हणमंतराव पलंगावर उशीला टेकून वाट पाहत होते. बाईंनी सांगितलं तसे ते हसायला लागले, हसता हसता खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं. “कुंकू आणि डाग यातला फरक कळेना त्याला? एखादी बाई तरी ठेवायची होती नोकरीला.” मग दम घेतला. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं गेलं. माळाखालच्या उपकेंद्रातून सगळ्या तालुक्याला वीज जायची. डोंगरकडेच्या पवनचक्क्याही तिथेच येऊन मिळत. तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर वाचला, तर राज्य अंधारात गेलं तरी तालुक्यापुरती वाऱ्यावरची वीज राहिली असती. त्यासाठी ढग यायच्या आत तो तोडायला हवा होता. आणि तो तोडला की कोपऱ्यातलं हे यंत्र बंद.

“मुलाणीला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही अजून.”

“मग इथे काय करतेस?”

सादिक मुलाणी उपकेंद्राचा अभियंता. गावचाच. रथसप्तमीचं दूध त्याच्या घरच्या म्हशीचं येत असे, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून. पुण्याच्या शहाण्यांना जे पटवता पटवता बाईंचा घसा सुकला होता, ते त्याला अर्ध्या वाक्यात कळलं. “ते कुंकू मी बघितलंय की,” तो म्हणाला. “अब्बांबरोबर किटली घेऊन यायचो. मला वाटायचं, सूर्याला दृष्ट लागू नये म्हणून लावतात.” त्याने खुर्ची मागे सरकवली, उठून खिडकीबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं. वरून आदेश नसताना तालुका अंधारात टाकायचा म्हणजे नोकरी जाणार, कदाचित पोलीसही येणार, हे दोघांनाही कळत होतं. त्याने त्याबद्दल एकच वाक्य काढलं, की बायकोला काय सांगायचं ते बाईंनी सांगावं. मग विचारलं, “आणि साहेबांचं मशीन?”

“त्यांना ग्रामीण रुग्णालयात हलवते. तिथे जनरेटर आहे.”

“डिझेल किती असतंय तिथे, मला माहीत आहे, बाई.”

“मलाही माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

पहाटे, ढग पोहोचण्याच्या सुमाराला, मुलाणीने तारा तोडल्या. रुग्णालयाच्या आवारात जनरेटर धडधडू लागला. बाई व्हरांड्यात आल्या तर झुंजुमुंजु झाल्यासारखं वाटलं, पण दिशा चुकली होती. उत्तरेला तांबडं फुटलं होतं. कुणी कधी न पाहिलेला तो उजेड पडद्यासारखा हलत होता, रंग थेट कुंकवाचा. रुग्णांसोबत आलेली माणसं हात जोडून उभी राहिली. दूर घाटाखाली शेजारच्या तालुक्याचे दिवे दिसत होते. तिथे एक निळसर झगमगाट झाला आणि दिवे गेले. मग त्यापलीकडचे. फोन मुके झाले. पुणं, अरुण, समिती, सगळं एका क्षणात फार लांब गेलं.

सूर्य उगवला तेव्हा बाई माळावर गेल्या. अशा दिवशी कशाला, असं त्यांच्या मनात आलं नाही. अर्घ्य दिलं, कागदावर बिंब पाडलं, गिरवायला बसल्या. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डागाच्या कुशीत, त्याच्याहून उजळ, पांढरीशुभ्र ठिणगी उमटली. ती फुलली, पसरली आणि विझली. पेन्सिल हातातच राहिली. सूर्याच्या पांढऱ्या बिंबावर पांढरा उजेड उठून दिसावा, असं शतकात एखादा माणूस पाहतो. दुसरा ढग निघाला होता, पहिल्याहून मोठा. पहिल्याने वाट झाडून ठेवलेली, तेव्हा हा वेगाने येणार होता. रात्र पडायच्या आत कदाचित.

हे जगात आणखी कुणी पाहिलं असलं तरी सांगायला साधन उरलं नव्हतं. बाई खाली आल्या.

दुपारी जनरेटर थांबला. पेट्रोल पंप विजेवर चालतात, त्यामुळे डिझेल जमिनीखाली असूनही वर येईना. डॉक्टर फरांदेंनी उरलेली सिलिंडरं वॉर्डात वाटून लावली. एक नुकतीच बाळंत झालेली पोर होती, एक दम्याचे गुरुजी होते, हणमंतराव होते. वाटून लावायची म्हणजे प्रत्येकाला थोडी कमीच. बाहेर माणसं जमली होती. आकाश स्वच्छ, ऊन नेहमीसारखं, वारा सुटलेला, डोंगरावर पवनचक्क्या दिसत होत्या आणि वीज नव्हती. वादळ गेलं ना, मग जोडा की, कुणाची वाट बघताय, असे आवाज चढू लागले. मुलाणी मोटारसायकलवरून आला, शर्ट घामाने भिजलेला, थेट वॉर्डात शिरला.

“बाई, सगळं निवळलंय. चक्क्या जोडतो. साहेबांना…” त्याने पलंगाकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

बाईंच्या हातात सकाळचा कागद होता. त्यावर डागाजवळ पेन्सिलीची एक खूण, बाकी काही नाही. ढग बाजूने निघून गेला तर? तो इतका मोठा नसला तर? एका ठिपक्याने सगळ्यांना फसवलं होतं, आता एका ठिणगीने आपल्यालाच फसवलं असलं तर? विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी हणमंतरावांकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळसर झाले होते. त्यांनी मास्क बोटाने जरासा उचलला.

“किती पांढरा होता?”

“डोळ्यांत गेला, अहो. बिंबाहून पांढरा.”

ते थोडं थांबले. आरसा पुरेसा घासून झाला की नाही हे पाहताना थांबत तसे.

“मग थांब,” म्हणाले आणि मास्क पुन्हा लावला.

बाई मुलाणीकडे वळल्या. “अजून नाही, सादिकभाऊ.”

त्यापुढची दुपार त्यांना नीटशी आठवत नाही. एवढं आठवतं, की बाहेरच्या कुणीतरी त्यांना कैदाशीण म्हटलं आणि मुलाणी दारात उभा राहून कुणाला आत येऊ देत नव्हता. हणमंतरावांचा हात त्यांच्या हातात होता. बोटं अधूनमधून गोल फिरत होती, काचेवर पावडर फिरवावी तशी. दिवेलागणीला ती थांबली.

त्यानंतर थोड्याच वेळाने पश्चिमेचं तांबडं विझत गेलं आणि उत्तरेचं चढत गेलं, आदल्यापेक्षा खूप गडद. तोडून ठेवलेल्या तारांच्या टोकांवर ठिणग्या उडाल्या. ते पाहिल्यावर बाहेरचे आवाज आपोआप बसले. सकाळी सगळं शांत झालं. बाईंनी मान हलवली आणि मुलाणीने पवनचक्क्या जोडल्या. वॉर्डातला पंखा फिरू लागला. त्याच्याखालची कॉट रिकामी होती.

बाळंतीण आणि गुरुजी वाचले. तालुका वाचला. राज्यात इतरत्र महिनोन् महिने अंधार राहिला. नळ आटले, औषधं नासली, किती माणसं गेली याचा धड आकडाही लागला नाही. लांबलांबच्या गावांहून बायका धान्याचं डबडं डोक्यावर घेऊन आदितमाळाखालच्या गिरणीवर येत आणि बाई रस्त्याने चालल्या की पाया पडत. बाई पाय मागे घेत. पुण्याहून पराग चार दिवसांचा प्रवास करून आला. तो खूप वाळला होता. अध्यक्षाने राजीनामा दिल्याचं त्याने सांगितलं. अरुणला पुन्हा उभं करायचं होतं. त्याआधी सगळ्या काचांवरचं कुंकू पुसून द्याल का, असं त्याने खालच्या मानेने विचारलं.

बाईंनी एकेक काच घेतली, कोरड्या कापसाने मेण अलगद सोडवलं. खालच्या थराला ओरखडाही गेला नाही, इतकी त्यांची बोटं हलकी होती. शेपटीचा ठिपका असलेली काच त्यांनी शेवटी घेतली. बराच वेळ उजेडात धरून ठेवली. मग तीही पुसली.

पुढच्या माघात रथसप्तमी आली. मुलाणीकडून दुधाची किटली आली. झाडलोट करणाऱ्या सरूबाईने गोवऱ्या पेटवल्या, पाट मांडला. साठ्यातली एक काच निघाली, बाईंनी सूर्य घेतला, धुतला, छापला, वाळवला. दूध वर आलं आणि पूर्वेकडे उतू गेलं. सरूबाईने दरवर्षीच्या सवयीने करंडा उघडून बाईंपुढे धरला आणि तिचा हात मध्येच थबकला. तिची नजर बाईंच्या कपाळावर गेली होती. जमलेल्या बायका जमिनीकडे पाहू लागल्या.

बाईंनी त्या थबकलेल्या हातातला करंडा घेतला. मेणाचा कण लावला, चांदीची काडी बुडवली आणि काचेच्या मध्यावर ठिपका दिला. या वेळी कोपराला धक्का लागला नाही, ठिपका अगदी मधोमध बसला.

पराग अंगणाच्या कडेला उभा होता. बाईंनी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि काचेच्या कोऱ्या काठावर, सूर्याच्या बाहेर, तिथी घातली. तिच्यापुढे, कुणी परका माणूस पुढे कधी ही काच हातात घेईल आणि त्याला इथलं काही ठाऊक नसेल, अशा बेताने, सुटी सुटी अक्षरं काढून लिहिलं,

‘मधला ठिपका कुंकवाचा आहे. आमची रीत आहे. डाग धरू नये.’

शाई वाळेपर्यंत त्यांनी फुंकर घातली, आणि काच पेटीत ठेवायला भांडाराकडे गेल्या.